मनातलं आणि नळातलं

जालन्यात मस्तगडला माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या बाजूनं एक अरुंद जिना वर जातो आणि जिना संपतो तिथल्या खोलीत राजानंद खरात बसतो. पाटीवर नावाखाली 'मानसोपचारक व समुपदेशक' असं लिहिलेलं आहे. ही पाटी लागली त्या दिवशी गल्लीत दोन तट पडले. काही म्हणाले डोक्याचा डॉक्टर आला, काही म्हणाले वकील असेल. राजानंदनं पहिले सहा महिने भेटेल त्याला समजावून सांगितलं की तो डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही, इंजेक्शन देत नाही, फक्त बोलतो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर आहे, डॉक्टर."

त्याच्याकडे जाणं ही आमच्याकडे अजून उघडपणे करायची गोष्ट नाही. त्यामुळे माणूस आधी माझ्या दुकानात शिरतो. दोन फ्रेमी हातात घेतो, आरशात बघतो, रस्त्यावर ओळखीचं कोणी नाही ना ते बघतो आणि हळूच विचारतो, "वर हायेत का?" मी मान हलवली की झटकन जिना चढतो. काहींना मात्र नुसतंच निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ते चष्मा घेऊन टाकतात. आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक साहेबराव यांनी गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून तीन चष्मे नेले. त्यांचे डोळे उत्तम आहेत. याहून जास्त मी काही सांगणार नाही.

राजानंद माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खातो, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो आणि तो मला बद्रीभाऊ म्हणतो. मूळचा तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातला. आई द्वारकाबाई हिनं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून त्याला शिकवलं. पुढं तो संभाजीनगरला एम. ए. झाला, पुण्यात एका दवाखान्यात आठ वर्षं होता, आणि मग कोणाला न विचारता जालन्याला परत आला. कोणाला न विचारता हे तो अभिमानानं सांगतो. बायको शीतल भोकरदनला शाळेत शिकवते आणि रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. तिला मात्र विचारायला पाहिजे होतं, असं तिचं मत आहे.

त्याचा एक सिद्धांत आहे. माणूस दुःखी असतो कारण तो आपल्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्यांच्या हातात देऊन बसतो. नवऱ्याच्या, सासूच्या, साहेबाच्या, नाहीतर नशिबाच्या. ज्या दिवशी तो म्हणेल की हे मी निवडलं, त्या दिवशी तो मोकळा झाला. राजकारणावरही त्याचं हेच. डबा खाताना तो मला म्हणायचा, "बद्रीभाऊ, लोकांना पुढारी लागत नाही, बाप लागतो. मत टाकायचं आणि पाच वर्षं रुसून बसायचं. हे लहान मुलाचं वागणं झालं. मोठा माणूस स्वतःपासून सुरुवात करतो."

मी म्हणायचो, "पण रस्त्यावरचा खड्डा?"

"खड्डा बाहेर आहे. खड्ड्याला शिव्या घालत दिवस काढायचा की नाही, हे आतलं आहे."

तो हे इतकं शांतपणे सांगायचा की क्षणभर खड्डा बुजल्यासारखा वाटायचा.

सल्ला मात्र तो कोणालाच देत नाही. सल्ला देणं म्हणजे समोरच्याचं स्वातंत्र्य काढून घेणं, म्हणतो. म्हणून कोणत्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच: "तुम्हाला काय वाटतं?" वरच्या खोलीत ते ठीक आहे. पण संध्याकाळी भाजीवाल्यानं विचारलं, "मेथी देऊ का शेपू?" तरी हा म्हणणार, "तुम्हाला काय वाटतं?" भाजीवाला दोन्ही देतो. शीतलनं एकदा मला सांगितलं, "घरी मी स्पष्ट सांगून ठेवलंय. दारातून आत आलात की तुम्हाला जे वाटतं ते बोलायचं. मला काय वाटतं ते मला माहीत असतं."

आता कांताबाई. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं साडीला फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. वय साठच्या पुढं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा कल्याण पुण्याकडं एका कंपनीत आहे. कांताबाईंना दोन वर्षांपासून झोप नव्हती. रात्री दोनला जाग यायची, छातीत धडधड व्हायची, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. शेवटी कोणीतरी वरच्या जिन्याचं नाव घेतलं आणि कांताबाई आल्या. त्या माझ्या दुकानात शिरल्या नाहीत की फ्रेम हातात घेतली नाही. सरळ रस्त्यावरून ओरडल्या, "बद्रीभाऊ, त्यो झोपंचा डॉक्टर वरच बसतो ना?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. राजानंदकडे राजरोस गेलेलं ते पहिलं माणूस.

दर बुधवारी त्या जायच्या, आणि उतरताना माझ्या दुकानात बसून काय झालं ते सांगायच्या. राजानंदच्या तोंडून कधी कोणाचा एक शब्द फुटला नाही, हे मी शपथेवर सांगतो. कांताबाईंचं जे काही मला ठाऊक आहे ते कांताबाईंनीच सांगितलेलं, आणि तेही मी न विचारता.

पहिल्याच बुधवारी त्यानं त्यांना दोनशे पानी वही आणायला सांगितली. तिचं नाव झोपेची वही. रोज किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, उठल्यावर मनात काय आलं, ते तिच्यात लिहायचं. कांताबाई सातवी पास. अक्षर पिकोसारखंच बारीक आणि सरळ. मन लावून लिहायच्या. महिन्याभरानं एक दिवस खाली आल्या त्या विचारात पडूनच.

"बद्रीभाऊ, डॉक्टर म्हणतेत, जागं राहनं हे बी कुठंतरी आपणच निवडलेलं असतं."

"मग?"

"मंग काय. मीच ठरवून जागी राह्यले म्हणं. का ठरवलं त्ये शोधायलो आम्ही दोघं."

तीन महिने ते दोघं शोधत होते. श्वासाचे प्रकार झाले. नवऱ्याच्या आठवणी झाल्या. लहानपणी भावाच्या वाट्याला नेहमी मोठी भाकरी यायची, तेही निघालं. कांताबाईंना बोलून फार बरं वाटायचं. झोप मात्र येत नव्हती. आणि दोष आपलाच आहे हे आता पक्कं झाल्यामुळे त्या जागेपणी जास्तच मनाला लावून घ्यायच्या.

एका बुधवारी द्वारकाबाई माझ्या दुकानात बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा नंबर काढायचा होता. कांताबाई वरून उतरल्या आणि नेहमीसारख्या येऊन बाकावर बसल्या. दोघींची ओळख नव्हती, पण दोन मिनिटांत झाली. कांताबाईंनी आपलं सगळं सांगितलं. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, तुमच्याकडं पानी कवा येतंय?"

"आठ दिसाला एकदा. कवा दोनला, कवा तीनला. वार बी बदलतो. नळाची सूं-सूं ऐकू आली की उठायचं. न्हाई उठलं तर आठ दिवस कोरडे."

द्वारकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या घरी बोअर आहे, राजानंदच्या कॉलनीतही बोअर आहे. आमच्या दोघांच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

"बद्रीनाथ, हात दे," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांचे गुडघे कामातून गेलेले. राजानंदनं खोली घेतल्यापासूनच्या सात वर्षांत त्या तो जिना कधी चढल्या नव्हत्या. त्या दिवशी चढल्या, एका हातानं मला धरून आणि दुसऱ्यानं भिंत. मागून कांताबाई. राजानंद आत एकटाच होता. आईला दारात बघून तो उभाच राहिला.

"काय झालं?"

"ह्या बाईला पानी रातच्या दोनला येतंय. तुला ठावं हाय का?"

राजानंदनं कांताबाईंकडे बघितलं. "तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"तुम्ही मनात काय येतं त्ये इचारलं," कांताबाई अगदी निरागसपणे म्हणाल्या. "पानी नळात येतंय."

मला हसू आवरलं नाही. राजानंद हसला नाही. तो खुर्चीत बसला, चष्मा काढून पुसला, आणि मग सिद्धांत वाचवायचा एक प्रयत्न त्यानं केला. म्हणाला, परिस्थिती आहे हे कबूल. पण परिस्थितीला उत्तर काय द्यायचं हे तरी माणसाच्या हातात असतंच. टाकी बसवता येते, शेजारणीशी पाळी लावता येते. शेवटी जबाबदारी ज्याची त्याची.

द्वारकाबाई पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"माझा बाप लई स्वाभिमानी व्हता," त्या म्हणाल्या. "गावच्या हिरीवर आम्हाला पानी भरू देत नव्हते. त्यानं एकट्यानं ठरवलं, म्या जानार. गेला. मार खाऊन आला. निर्णय त्याचाच व्हता ना? स्वतंत्र बी व्हता. मंग दुसऱ्या साली वस्तीतली चाळीस मानसं संगंच गेली, बाया-लेकरांसकट. तवा पानी भेटलं. मी बी गेल्ते, कडेवर भावाला घेऊन. आता सांग, त्या पान्याची जबाबदारी कुनाची व्हती?"

राजानंदनं तोंड उघडलं. 'तुला काय वाटतं' असं तो म्हणणार होता, हे मला स्पष्ट दिसलं. आईचा चेहरा बघून त्यानं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी डबा खायला तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. भाकरीचा तुकडा हातात धरून बसला.

"बद्रीभाऊ, मी रात्री सगळ्यांच्या वह्यांतून उतरवून घेतलेल्या नोंदी काढून बसलो. नावं सांगणार नाही. तुमच्या या तीन गल्ल्यांतून झोपेसाठी माझ्याकडे पाच जण येतात. पाच वह्या. मी पाच जणांची पाच वेगवेगळी बालपणं ऐकली. आणि पाचही जण अकरा तारखेला पावणेदोनला उठलेत."

"आणि त्याच्या आधी?"

"तीन तारखेला. सव्वादोन. पाचही जण."

त्यानं भाकरी डब्यात परत ठेवली. मला त्याची दया आली आणि थोडी गंमतही वाटली. हे पाच जण शेजारीपाजारीच राहणारे, एकमेकांपासून लपत माझ्या दुकानातून वर जाणारे, आणि रात्री एकाच वेळी आपापल्या नळाखाली हंडे लावून उभे. प्रत्येकाला वाटत होतं की बिघाड आपल्या एकट्याच्याच डोक्यात आहे.

आता करायचं काय? राजानंदची अडचण मोठी विचित्र होती. या पाच जणांना एकत्र आणावं तर एकाचं गुपित दुसऱ्याला कळणार. ते त्याच्या धंद्याच्या नीतीत बसत नाही. तो दोन दिवस त्यावर विचार करत बसला. तोवर कांताबाई कामाला लागल्या होत्या. त्यांचं काही गुपितच नव्हतं. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात झोपेची वही घेऊन त्या दारोदार गेल्या. म्हणायच्या, "मला रातच्याला झोप न्हाई, तुमाला येती का?" चार दिवसांत दोनशे बारा सह्या आणि अंगठे झाले. त्या पाचातल्या उरलेल्या चौघांच्याही त्यात असणारच. कोणत्या, ते राजानंदनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कागद घेऊन आम्ही साहेबरावांच्या ऑफिसात गेलो. पंधरा-वीस बाया, द्वारकाबाई, मी, आणि सगळ्यात मागं राजानंद. तो म्हणत होता की मी केवळ निरीक्षक म्हणून येतोय. द्वारकाबाईंनी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. साहेबरावांनी राजानंदला बघून ओळख दाखवली नाही. राजानंदनंही दाखवली नाही. मग साहेबरावांनी कागद हातात घेतला आणि तो वाचण्यासाठी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मी दुसरीकडे बघितलं.

"मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "पण पाण्याची वेळ वरून ठरते."

इथं राजानंदला राहवलं नाही. "वरून म्हणजे कोणाकडून?"

"साहेबांकडून."

"कोणत्या साहेबांकडून? त्यांचं नाव काय? त्यांनी ही वेळ कधी ठरवली?"

वरच्या खोलीत तो विचारतो तसाच, अगदी हळू आवाजात विचारत होता. साहेबरावांच्या कपाळाला घाम आला. मोठमोठ्या सभांमध्ये बोलणारा माणूस, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. "चला," ते म्हणाले, "विचारून येऊ." आणि उठले. त्यांचं हे उठणं मला आवडलं.

पाणीपुरवठ्याचे साहेब सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, वेळ आम्ही ठरवत नाही. टाकी भरून देतो, पुढं कोणत्या गल्लीला कधी सोडायचं ते जागेवर ठरतं. जागेवर म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. त्याचं नाव माऊली. तो टाकीजवळ भेटला, मोटारसायकलवर बसून शेंगा खात होता. एवढ्या बाया येताना बघून बिचारा शेंगा टाकून उभा राहिला.

"ही वेळ तुम्ही ठरवलीत का?" राजानंदनं विचारलं.

"म्या? न्हाई बा. माझ्या आधी हरिओममामा व्हते. ते रात्री नऊला ड्युटीवर यायचे आन् टाकीकडून एकेक गल्ली सोडत जायचे. तेच मी करून राह्यलो. तुमच्या गल्ल्या शेवटच्या, म्हणून दोन-तीन वाजतेत."

"पण नऊलाच का?"

माऊलीनं डोकं खाजवलं. "मामाची पोरगी तवा क्लासला जायची. तिला घेऊन घरी सोडायचं आन् मंग ड्युटी. म्हणून नऊ."

"ती मुलगी आता काय करते?"

"हैदराबादला इंजिनिअर हाय. लग्न बी झालं."

तीन गल्ल्या दहा-अकरा वर्षं जाग्या होत्या, आणि तसं कोणी ठरवलेलंच नव्हतं. साहेबराव म्हणत होते वरून, वरचे म्हणत होते जागेवरून, आणि जागेवरचा माणूस एका मुलीचा क्लास अजून सांभाळत होता. राजानंद तिथं उभा राहून इतका वेळ माऊलीकडे बघत राहिला की माऊलीला वाटलं आपली नोकरी गेली.

बायांमध्ये मग वाद सुरू झाला. एक म्हणाली, सोपं आहे, उलटीकडून सुरू करा. आमच्या गल्ल्यांना आधी, टाकीजवळच्यांना शेवटी. आता त्यांनी जागावं. बऱ्याच जणींनी माना हलवल्या. राजानंद काही बोलेल असं मला वाटलं, पण कांताबाई बोलल्या.

"तीन महिने म्या वहीत लिव्हलंय जागरन काय असतं त्ये. दुसरीच्या डोक्यावर टाकाया मी न्हाई सही केली."

"मंग काय करायचं?"

"दिवसा सोडा ना. पोरगी तर गेली हैदराबादला."

एवढं साधं होतं. पण त्यासाठी टाकी दुपारपर्यंत भरावी लागणार, त्यासाठी पंपाची पाळी बदलावी लागणार, आणि त्यासाठी एक सही लागणार होती. त्या सहीला दोन महिने लागले. साहेबरावांनी त्यासाठी खरोखर चकरा मारल्या, हे मी मान्य करतो. निवडणूक जवळ आली होती हेही मान्य करतो. कांताबाई दर सोमवारी त्यांच्या ऑफिसात जाऊन काही न बोलता बसायच्या आणि झोपेची वही मांडीवर उघडून ठेवायच्या. पावसाळा सरता सरता पहिल्यांदा संध्याकाळी पाच वाजता नळाला पाणी आलं. काही घरांत तर कोणी नळाकडे गेलंच नाही, आवाज ओळखूच आला नाही.

तिसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. साहेबरावांचा मोठा फोटो, हात जोडलेले, माझ्याकडचा दुसरा चष्मा लावलेला. खाली अकरा लहान फोटो आणि त्यांत एक राजानंदचा, 'मार्गदर्शक' म्हणून. आयुष्यात कोणाला मार्गदर्शन न करण्याचं ज्याचं व्रत, त्याच्या नावापुढं हा शब्द. तो बॅनर उतरेपर्यंत राजानंद मागच्या गल्लीतून ये-जा करत होता.

मी त्याला डब्यावर छेडलं. "काय मग, सिद्धांताचं काय झालं?"

तो म्हणाला, "माझ्या मांडणीत एक परिमाण राहून गेलं होतं."

शीतल त्या दिवशी सुट्टीवर होती, डबा घेऊन तीच आली होती. ती म्हणाली, "बद्रीभाऊ, म्हणजे चुकलो."

त्यानं ते नाकारलं नाही. नव्या माणसाकडून तो जो फॉर्म भरून घेतो त्यात आता एक नवा रकाना आहे: घरी पाणी कधी येतं. त्याच्या खाली आणखी दोन: शेजारी आवाज कशाकशाचा असतो, आणि कामाला जायला किती वाजता निघावं लागतं. आई, वडील, बालपण हे सगळं त्यानंतर.

साहेबरावांनी त्याला निवडणुकीला उभं राहायचा आग्रहही केला. आपल्या पॅनेलमधून, सुशिक्षित चेहरा म्हणून. राजानंदनं विचाराला पंधरा दिवस मागितले. त्या पंधरा दिवसांत त्यानं मला, शीतलला, भाजीवाल्याला, सगळ्यांना विचारलं, उभं राहावं का. कोणाचा सल्ला घेताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. मी मुद्दाम म्हणालो, "तुला काय वाटतं?" त्याला राग आला. शेवटी त्यानं नाही म्हणून कळवलं. द्वारकाबाईंना मी म्हणालो, उभा राहिला असता तर बरं झालं असतं.

"म्या त्याला मत न्हाई दिलं असतं," त्या म्हणाल्या. "लोकं रस्ता मागाया आले असते आन् ह्यानं इचारलं असतं, तुमाला रस्ता का पायजे असं वाटतंय."

त्यानंतर मात्र वॉर्डातल्या लोकांची दर महिन्याला एक बैठक सुरू झाली, आणि राजानंद तिला जातो. मागं बसतो. बोलतो कमी.

वरच्या खोलीतली गर्दी मध्यंतरी ओसरली. पाचातल्या तीन वह्या बंद झाल्याचं त्यानं सांगितलं. माझ्या फ्रेमींचा खपही उतरला. कांताबाई मात्र बुधवारी परत हजर. चेहरा ओढलेला.

"काय झालं कांताबाई? पाणी येत नाही का?"

"येतंय ना. पाचला येतंय, सातपोत्तर सगळं भरून होतंय. दाराला कडी लावून बिलकुल नऊला आडवी होते. आन् दोनला डोळे टक्क उघडे."

त्या वर गेल्या. राजानंद नंतर म्हणाला की त्याला वाईट वाटलं, पण मी त्याला ओळखतो. त्याला आनंद झाला होता. कुठंतरी अजून मनातलं काही शिल्लक होतं.

ते होतंही. कल्याणनं पुण्याकडं मोठा फ्लॅट घेतला होता, त्यात आईसाठी खोली ठेवली होती. दोन वर्षांपासून तो फोनवर म्हणत होता, इकडं ये. कांताबाईंना जायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणायचं? लेक एवढ्या मायेनं बोलावतोय. म्हणून त्या दरवेळी म्हणायच्या, "मी आले तर इथं पानी कोन भरील? आठ दिसांनी येतंय, घर बंद ठेवलं तर नळच तोडतेत." पाणी रात्रीचं होतं तोवर कारण होतं. आता पाणी पाचला यायला लागलं, आणि पहिल्याच फोनवर कल्याण म्हणाला, "चला, आता तर तुझी अडचण मिटली, संध्याकाळचं पाणी शेजारीणही भरील."

"बद्रीभाऊ," त्या मला म्हणाल्या, "म्या माझ्या हातानं सह्या गोळा करून माझाच बहाना बंद केला."

मला हसावं की काय ते कळेना. त्याच हसल्या, मग मीही हसलो.

त्या बुधवारी वर काय बोलणं झालं ते कांताबाईंनी पूर्ण सांगितलं नाही. पहिल्यांदाच. एवढंच म्हणाल्या की डॉक्टरांनी जा किंवा जाऊ नको, काही सांगितलं नाही, आणि यावेळी त्यांना ते बरंही वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुण्याचं जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही तिकिटं एकदमच काढली. जाताना दुकानावर पाटी लावली: आठ दिवस बंद.

पाचव्या दिवशी त्या परत आल्या. मी घाबरलो, काही बिनसलं की काय. त्यांनी बाकावर पिशवी ठेवली आणि सांगायला लागल्या. पहिले दोन दिवस त्यांनी तो विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, वरणात भात कालवता कालवता म्हणून टाकलं, "कल्याण, मला हितं राहायचं न्हाई. माझं दुकान हाय, माझी मशीन हाय. मी येत जाईन, पर राहनार न्हाई." म्हणाल्या, वाटलं, आता लेक ताटावरून उठणार.

"आणि?"

"त्यो म्हनला, आई, तुला यायचं नसंल असं मला वाटतच व्हतं. पर न्हाई बोलावलं तर लोक म्हनतील मायीला एकटीला टाकलं. म्हणून बोलवत राह्यलो." कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला. "दोन वरीस दोघंबी एकमेकाच्या धाकानं बोलत व्हतो, बद्रीभाऊ. सून तर हसायाच लागली."

"मग पाचव्या दिवशीच का आलात? तिकीट तर आठव्याचं होतं."

"ठरलं ना आता. मंग बसून काय करायचं? बदलून घेतलं तिकीट. दिवाळीला जानार हाय, पंधरा दिवस."

ही गोष्ट मागच्या वर्षीची. कांताबाईंची वही अर्धी कोरी राहिली, तिच्यात त्या आता साड्यांची मापं आणि रंगांचे नंबर लिहितात. बुधवारी त्या येतात, पण वर जात नाहीत, द्वारकाबाईंशी गप्पा मारायला माझ्या बाकावर बसतात. त्यांचं दुकान पूर्वी सकाळी सातलाच उघडं असायचं, लग्नसराईत बायका कामावर जाता जाता साडी टाकून जायच्या. आता नऊ वाजले तरी शटर खाली. परवा एक बाई हातात पिशवी घेऊन माझ्या दारात आली, चिडलेली होती. म्हणाली, "भाऊ, ह्या कांताबाई उठतेत तरी कवा?" मी म्हणालो, "बसा, येतीलच," आणि बाकावरच्या फ्रेमी बाजूला सारल्या.